दर रविवारी एक नाव

‘‘हा रंग कुणी निवडला?’’ आरगे सरांनी स्वयंपाकघराच्या दारातच थांबून विचारलं.

‘‘मी,’’ मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं, कारण त्या शेवाळी रंगासाठी मी दुकानदाराचं तासभर डोकं खाल्लं होतं.

‘‘छान आहे. तुमच्या घराला लावा.’’

‘‘हे माझंच घर आहे की सर.’’

‘‘नाही ताई. हा तुमचा फ्लॅट आहे. घर म्हणजे जिथं तुम्ही राहता ते. इथं दुसरा राहणार. त्याला भिंतीकडं बघून स्वतःचं कपाट दिसलं पाहिजे, स्वतःचा टीव्ही दिसला पाहिजे. तुमची आवड नाही. बदामी लावा, सगळीकडं बदामी.’’

शिडीवर बसलेले दस्तगीर मिस्त्री ब्रश डब्यावर आडवा ठेवून ऐकत होते. ‘‘बदामी म्हंजे कुणाचाच रंग न्हाई,’’ ते म्हणाले.

‘‘शाब्बास, मिस्त्री. म्हणूनच तो सगळ्यांना चालतो,’’ सर म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मिरजेत एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना ‘श्वास रोखा, सोडा’ म्हणायचं आणि काळोख्या खोलीत फिल्मा धुवायच्या. वय छत्तीस, लग्नाचा विषय घरात केव्हाच मिटलेला. आई गेल्यावर तिच्या मागे जे माझ्या वाट्याला आलं त्यातून मी दवाखान्यांच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरचा हा जुना फ्लॅट घेतला. भाऊ म्हणाला, ‘‘तुला काय कळतंय त्यातलं?’’ खरं होतं, काही कळत नव्हतं. म्हणून मी आरगे सरांच्या रविवारच्या बैठकीला जायला लागले.

मोहन आरगे पूर्वी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. मग स्वतः दोन-तीन घरं घेतली, रंगवली, विकली आणि आता आमच्यासारख्या नवशिक्यांना शिकवायचे. सांगलीत एका टायरच्या दुकानावर हॉल होता. रविवारी सकाळी दहाला तिथं वीस-बावीस माणसं जमायची. बँकेतले कारकून, एक पशुवैद्य, दोन शिक्षक, एक साडीवाले. बायका मी धरून दोन, आणि दुसरी नवऱ्याबरोबर यायची.

सरांची शिकवण सोपी होती. घर विकत घेण्याआधी माणसं विकत घ्या, म्हणजे ओळखी करा, असं ते सांगायचे. ‘‘लग्नाला जा, बारशाला जा, दहाव्यालाही जा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायच्या आत घराचं काय करायचं ते ठरलेलं असतं.’’ लोक हसायचे. मीही हसायचे. ‘‘दूधवाला, प्लंबर, रंगारी यांच्याशी दोस्ती करा. रंगारी तर पहिला. कारण विकायचं मनात आलं की माणूस आधी भिंतीकडं बघतो.’’

आणि बैठकीचा एक नेम होता. आत आलं की रिकाम्या तोंडानं बसायचं नाही. दर रविवारी प्रत्येकानं उभं राहून एक नाव द्यायचं. कुणाचं घर निघालंय, कुणाला जागा हवीय, कोण चांगला गवंडी आहे, तलाठ्याकडं कुणाची ओळख आहे, काहीही. सर ते नाव फळ्यावर लिहायचे आणि पुढे देणाऱ्याचं नाव. फळ्यावर चढलेलं नाव सगळ्यांचं. कुणीही ते वापरावं.

माझ्याकडे नावं नसायची. मला माहीत असायचे ते रुग्ण, आणि त्यांचं मला माहीत असायचं ते हाड. पहिल्या दोन रविवारी मी ‘पुढच्या वेळी’ म्हणून खाली बसले. तिसऱ्या रविवारी पशुवैद्य म्हणाले, ‘‘म्हैसाळकरबाई नुसत्या ऐकायला येतात बहुतेक.’’ गमतीनंच म्हणाले, पण माझे कान लाल झाले.

सर लगेच म्हणाले, ‘‘त्या शिकतायत. घाई नाही, ताई.’’

त्या एका वाक्यावर मी त्यांची झाले. आमच्या घरी माझ्या बाजूनं असं कुणी कधी बोललं नव्हतं.

दस्तगीरभाईंनी शेवाळीवर बदामी चढवायला घेतला. ‘‘एका हातानं झाकणार न्हाई ताई, दोन द्यावं लागतील,’’ ते म्हणाले. त्यांच्यात रंगाच्या थराला हात म्हणतात. काम आठ दिवस चाललं. मी दुपारी ड्युटी संपवून तिथं जायची, रंगाच्या डब्यावर पेपर टाकून बसायची आणि ते बोलायचे. पन्नाशीचे, सडपातळ, भुवयांवर कायम चुन्याचे ठिपके. मिरजेतलं अर्धं गाव त्यांनी रंगवलं होतं. कुठल्या घरात कुणाचं पटत नाही, हेही त्यांना भिंतींवरून कळायचं. पण सांगायचे नाहीत. सरांच्या शिकवणीप्रमाणे मी एकदा खोदून विचारलं, ‘‘कुणाचं घर निघालंय का विकायला?’’ तर म्हणाले, ‘‘निघत्यात की. पण त्ये त्यांनी सांगायचं, आपण न्हाई.’’

सहाव्या दिवशी मात्र त्यांनीच विषय काढला.

‘‘ताई, तुमचं वाचन चांगलं हाय. एक कागद वाचून दाखवाल का? माझाच हाय.’’

‘‘कसला कागद?’’

‘‘घराचा.’’ ते शिडीवरून खाली उतरले. अशी गोष्ट उभ्यानं, वरून सांगायची नसते असं त्यांना वाटलं असावं. ‘‘मेबल सिस्टरचं घर मी घेतोय.’’

मेबल सिस्टर कांबळे म्हणजे मिरजेतली जुनी नर्स. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. दस्तगीरभाईंची दोन्ही मुलं तिच्या हातावर जन्मली होती. तेव्हापासून दर नाताळच्या आधी ते तिचं घर रंगवायचे. बावीस वर्षं, एक नाताळ चुकला नव्हता. आता सिस्टरचा मुलगा तिला बंगळूरला न्यायला बसला होता आणि सिस्टरनं ठरवलं होतं की घर द्यायचं तर दस्तगीरलाच.

‘‘मग अडचण काय आहे?’’

‘‘अडचण न्हाई. गावाकडं माझा जमिनीचा तुकडा हाय, त्याची मोजणी व्हायची हाय. मोजणी झाली की त्यो जाणार, त्यो गेला की मी घर घेणार. दोन म्हैनं.’’ मग म्हणाले, ‘‘आजपतुर सात खोल्या बदलल्या ताई, भाड्याच्या. खोली बघाय जातो, सगळं जमतं, मग इचारत्यात नाव काय. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असती.’’

हे सांगताना ते हसत होते. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सिस्टरकडे गेले. रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे पेरूचं झाड. भिंती फिक्या निळ्या. सिस्टर सत्तरीची, पांढरी साडी, पाठ ताठ. मला बघून म्हणाली, ‘‘तू एक्स-रेवाली ना? माझा गुडघा तूच काढलेलास. हलू नका म्हणून ओरडली होतीस.’’

‘‘हललात तुम्ही,’’ मी म्हटलं.

‘‘हलले होते,’’ ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

कागद म्हणजे साठेखताचा, विक्रीआधीच्या कराराचा कच्चा मसुदा. सिस्टर लिहून देणार, दस्तगीरभाई लिहून घेणार. मी मोठ्यानं वाचला. तारखेची जागा रिकामी होती आणि सह्या व्हायच्या होत्या.

‘‘विसाराचं पैसं तरी घ्या म्हणतो मी सिस्टरला,’’ दस्तगीरभाई म्हणाले. ‘‘घेईनात.’’

‘‘मी शब्द दिलाय,’’ सिस्टर म्हणाली. ‘‘कागद तुझ्या समाधानासाठी. शेजारचे येऊन विचारून गेले, कुणाला देताय, कोण येणार आमच्या शेजारी. मी म्हटलं, मिरजेचा माणूस येणार. पुढं विचारायची हिंमत झाली नाही कुणाची.’’

निघताना तिनं दस्तगीरभाईंना पिशवीभर पेरू दिले आणि मला दोन. ते तिथल्या तिथं खाल्ले आम्ही.

मसुद्यात दोन-तीन वाक्यं अशी होती की वाचता आली तरी कळली नाहीत. निर्वेध, बोजा, मुदतीनंतर रद्दबातल, असलं काहीतरी. परतताना मी म्हटलं, ‘‘दस्तगीरभाई, हा कागद आमच्या सरांना दाखवूया. त्यांना यातलं सगळं कळतं.’’

‘‘नको ताई. भाईर जायला नको.’’

‘‘सर बाहेरचे नाहीत हो.’’

‘‘तुमास्नी न्हाईत,’’ ते म्हणाले.

मी हट्ट धरला. मला त्यांचं भलं करायचं होतं, हे खरं. पण मला हेही दाखवायचं होतं की माझी कुणा मोठ्या माणसाशी ओळख आहे, माझ्या शब्दानं एखाद्याचं काम होतं. शेवटी स्टेशनजवळ त्यांनी मला झेरॉक्स काढून दिली. घडी घालताना म्हणाले, ‘‘तुमच्या भरवशावर हां.’’

मी ती सरांना त्यांच्या घरी नेऊन दिली. बैठकीत नाही. मुद्दाम घरी. आणि स्पष्ट सांगितलं, ‘‘सर, हे नाव नाहीये. ओळखीच्या माणसाचा कागद आहे, फक्त वाचून सांगा काही धोका आहे का.’’

सरांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला. ‘‘कुणी लिहिलाय? बरा लिहिलाय. गृहस्थ पैसे कुठून आणणार?’’

मी सांगितलं. गावाकडची जमीन, मोजणीसाठी ते गावी जाणार, दोन महिने. सिस्टर विसार घेत नाही, तेही सांगितलं. कौतुकानं सांगितलं.

‘‘भली बाई आहे,’’ सर म्हणाले. ‘‘राहू दे माझ्याकडं कागद. निवांत बघतो.’’

आठवडाभरानं मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘ठीक आहे कागद. काळजी करू नका म्हणावं.’’ मी धावत जाऊन दस्तगीरभाईंना तसं सांगितलं. ते निर्धास्त झाले आणि मोजणीसाठी गावाला निघून गेले. कवठ्याच्या पलीकडे कुठेतरी होतं त्यांचं गाव, फोनबिन काही नव्हतं. जाताना माझ्या फ्लॅटची किल्ली देऊन गेले. फ्लॅट सुरेख झाला होता. त्याच आठवड्यात सरांनी मला दोन भाडेकरणी पाठवल्या, दोघी नर्सिंगच्या मुली, आणि माझा भाऊ पहिल्यांदाच म्हणाला, ‘‘जमलं की तुला.’’ मी त्या दिवशी सरांना पेढे नेऊन दिले.

डिसेंबरचा पहिला रविवार होता. मी बैठकीला पोचले तर हॉलमध्ये पुढच्या टेबलावर शाल आणि नारळ ठेवलेला. कुणाचा तरी सत्कार दिसतोय म्हणून मी मागे जाऊन बसले.

‘‘ताई, पुढं या,’’ सर म्हणाले.

‘‘इथं बरी आहे सर.’’

‘‘आज तुम्ही पुढंच बसायचं.’’

सगळे हसून वळून बघायला लागले. मी पुढे गेले. सरांनी खडू उचलला.

‘‘मंडळी, गेल्या दोन महिन्यांत या फळ्यावर शंभरेक नावं चढली. त्यातली चार-दोन कामाला आली. पण ज्यांच्याकडं नावच नाही असं आपण म्हणत होतो, त्यांनी असं नाव दिलं की बोलायची सोय नाही.’’ ते पशुवैद्यांकडे बघून हसले. ‘‘उज्ज्वलाताई म्हैसाळकर.’’

टाळ्या पडल्या. साडीवाल्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. सरांच्या बायकोनं, ती त्या दिवशी मुद्दाम आली होती, कुंकू लावून माझ्या हातात नारळ दिला. आणि खरं सांगते, तेवढा वेळ मला फार छान वाटलं. मी विचार करत होते, कुठलं बरं नाव दिलं मी? एकदा दवाखान्यातल्या वॉचमनचं सांगितलं होतं, तेच असावं.

‘‘आता हे नाव कसं वापरलं ते सांगतो, कारण ते शिकण्यासारखं आहे,’’ सर म्हणाले आणि शिकवणीतल्यासारखे फळ्याकडे वळले. ‘‘मिरजेत एक वयस्कर बाई. घर द्यायचंय, पण एका ठरावीक माणसालाच. दुसऱ्या कुणाला दारात उभं करत नाही. अशा ठिकाणी आपण काय करतो? जादा किंमत सांगतो. चूक. त्या बाईला किंमत नकोच आहे. तिला तो माणूस हवाय. मग त्या माणसाचंच नाव घेऊन जायचं.’’

माझ्या हातातला नारळ जड झाला.

‘‘मी गेलो. म्हटलं, सिस्टर, मला दस्तगीरनं पाठवलंय. त्याची जमीन विकली जात नाही, तुम्हाला तोंड दाखवायची त्याला लाज वाटते. तोच म्हणाला, माझ्या जागी तुम्ही घ्या, पण सिस्टरला अडवून ठेवू नका. बाई बघतच राहिली. म्हणाली, त्यानं स्वतः का नाही सांगितलं? मी खिशातनं कागद काढून दाखवला. त्यांचाच मसुदा. तो माझ्याकडं कुठनं येणार, त्यानं दिल्याशिवाय? बाई रडली थोडी. मुलगा न्यायला आलेला, त्याला घाई. बुधवारी नोंदणी झाली, गुरुवारी गाडीत बसली.’’ त्यांनी फळ्यावर लिहिलं : दार नावानं उघडतं. आणि खाली रेघ मारली.

वहीत लिहून घेणारे लिहून घेत होते. कुणी एकानं विचारलंही, ‘‘सर, पण तो माणूस परत आला तर?’’

‘‘आला तर येऊ दे की. सही कुठं होती? तारीखही रिकामी होती.’’

बैठक सुटेपर्यंत मी तिथंच बसले. उठून ओरडायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खांद्यावर शाल घेऊन कसं ओरडतात ते मला माहीत नव्हतं. जिन्यात सरांना गाठलं.

‘‘सर, मी कागद वाचायला दिला होता.’’

‘‘वाचला की. वाचला म्हणूनच तर कळलं.’’

‘‘मी म्हटलं होतं, हे नाव नाहीये.’’

‘‘ताई,’’ ते एक पायरी खाली उतरून माझ्या बरोबरीनं उभे राहिले. आवाज तसाच मऊ होता, मला घाई नाही म्हणणारा. ‘‘तुम्ही मला त्याचं नाव सांगितलंत, बाईचं सांगितलंत, त्याची अडचण सांगितलीत, तो कधी नसणार तेही सांगितलंत. याला नाव देणं नाही तर काय म्हणतात? आणि मनाला लावून घेऊ नका. त्या गल्लीत तो नांदला असता असं वाटतं तुम्हाला? उद्या शेजाऱ्यांनी त्रास दिला असता, तेव्हा तुम्हीच म्हणाला असता बरं झालं. शिवाय रंगाचं काम त्यालाच दिलंय मी. तुमच्या शब्दाखातर.’’

‘‘त्याला?’’

‘‘काल परत आलाय तो. उद्यापास्नं लागतोय कामाला. चांगला रंगारी आहे, तुम्हीच म्हणत होता.’’

मी दिवसभर एक्स-रे काढायची, माणसाच्या आत काय आहे ते बघायची, आणि या माणसाच्या आत मला काही दिसलं नव्हतं. त्यांनी मला फसवलं ते वेगळंच, पण माझी खात्री धरून फसवलं. मी काही करणार नाही, शाल घेऊन घरी जाईन, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मी शाल घेऊन घरी गेले. वहिनीनं त्या नारळाच्या वड्या केल्या आणि त्यातली एक मी खाल्लीसुद्धा.

रात्रभर मी काय बोलायचं ते जुळवलं. सोमवारी दुपारी ड्युटी सोडून रेल्वे कॉलनीच्या मागे गेले. घराचं दार सताड उघडं होतं. आत खुर्च्या नव्हत्या, पलंग नव्हता, भिंतींवर येशूच्या तसबिरीचा आणि घड्याळाचा तेवढा गडद निळा चौकोन राहिला होता. दस्तगीरभाई खिळ्यांची भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवत होते.

‘‘या ताई,’’ ते म्हणाले. जणू माझ्याच फ्लॅटमध्ये आले होते मी.

‘‘तुम्ही हे काम का घेतलंत?’’ जुळवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि माझ्या तोंडून हेच निघालं.

‘‘कुणीतरी घेणारच की. दुसऱ्या कुणी या भित्तीला हात लावण्यापरास मीच लावतो. बावीस वर्सं मीच लावलाय.’’ पत्र्याच्या तुकड्यानं त्यांनी लांबी सपाट केली. ‘‘मोजणी झाली ताई. गिऱ्हाईकबी ठरलं. शनवारी आलो त्यो सरळ इकडंच आलो. कुलूप.’’

‘‘दस्तगीरभाई, मला तुम्हाला सांगायचंय…’’

‘‘मला ठावं हाय. सरांनी सांगितलं सगळं.’’

त्यांनी पुढच्या भोकात लांबी भरली.

‘‘काल सकाळीच घरी आले माज्या. सोता. खाली चटईवर बसले, पानी पिले. म्हनले, दस्तगीर, मी घेतलंय घर पण मनाला बरं वाटंना. सिस्टरनंच बोलवून घेतलं त्यास्नी. शेजारी लई मागं लागले म्हनं तिच्या, की असल्या नावाच्या मानसाला देऊ नको. मुलगाबी त्येच म्हनला. तवा सिस्टर म्हनली, दस्तगीरला कसं सांगू, तुमीच घ्या आन् मिटवा.’’ ते भिंतीकडे तोंड करूनच बोलत होते. ‘‘आन् म्हनले, उज्ज्वलाताई लई भांडल्या तुज्यासाठी. सिस्टरच ऐकंना.’’

म्हणजे सरांनी मलाही आत ओढून घेतलं होतं. मला न विचारता मला चांगलं ठरवून टाकलं होतं.

‘‘दुसरं कुणी असं वागलं असतं तर मला काय वाटलं नसतं,’’ दस्तगीरभाई म्हणाले. ‘‘सवय हाय. पण सिस्टर? माजी पोरं तिनं हातात घेतलीत. तिला माजं नाव बावीस वर्सांनी टोचलं?’’

ते वळले. त्यांच्या पापण्यांवरसुद्धा पांढरी भुकटी होती, आणि त्यातून डोळे लाल दिसत होते.

‘‘तुमी हुता न्हवं तितं ताई? तुमी भांडला न्हवं? तुमी सांगा. सिस्टर खरंच असं म्हनली का?’’

आजही मला तो क्षण पुरा आठवतो. घर गेलं होतं, ते काही मी परत आणू शकत नव्हते. पण सिस्टर मी त्यांना परत देऊ शकत होते. एक वाक्य पुरे होतं. ती असं काही म्हणाली नाही, तिला वाटतंय तुम्ही माघार घेतलीत, ती रडत गेली. बंगळूरचा पत्ता नोंदणीच्या कागदावर होता, पत्र टाकता आलं असतं. पण त्या वाक्याच्या पुढे लगेच दुसरं वाक्य यायचं होतं, की मी वाचायला नेलेला कागद दाखवूनच सरांनी तिला फसवलं, आणि बाकीचं सगळं त्यांना मीच सांगितलं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्या उजाड खोलीत त्यांच्या बाजूचं असं मीच एक माणूस होते. मला ते माणूस राहायचं होतं.

‘‘हो,’’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

‘‘बरं झालं तुमी सांगितलं,’’ ते म्हणाले. ‘‘न्हाईतर मी तिला फोन लावून बसलो असतो.’’

मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, खांद्यावरच्या फडक्यानं त्यावरचा चुना नीट पुसला, आणि मला बसायला सांगून समोरच्या टपरीवर दोन चहा सांगायला गेले.